आयडीएफ डॉट पाय नऊ महिने वापरल्यावर: फुलक्लीन करूनही न गेलेलं जुनं सेटिंग

डिसेंबरात कलमं मोहोरली तेव्हा ईएसपी३२ चं, म्हणजे वायफाय असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपचं, काम हातात घेतलं. देवगडात आमच्या घरी आंब्याची आढी घालतात. गवतात ऊब किती चढली हे रात्री उठून हात घालून बघण्यापेक्षा सेन्सरने सांगावं, एवढाच हेतू. तेव्हापासून आयडीएफ डॉट पाय, म्हणजे या चिपसाठी प्रोग्राम तयार करायचं कमांड-लाइन टूल, रोज वापरतोय. बिल्ड (प्रोग्राम बनवणं), फ्लॅश (तो बोर्डावर चढवणं) आणि मॉनिटर (बोर्ड काय छापतोय ते बघणं) एकाच ओळीत देता येतात, हे फार सोयीचं आहे. लिहायचंय ते मात्र सेटिंगबद्दल.

एप्रिलमध्ये ठरवलं, की यापुढचे अपडेट वायफायवरून द्यायचे, म्हणजे भरलेली आढी सारखी उसकटायला नको. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे टूलच्या सेटिंगच्या मेन्यूत, दोन ओटीएवालं (वायफायवरून येणाऱ्या अपडेटसाठी दोन जागा ठेवणारं) पार्टिशन टेबल, म्हणजे फ्लॅश मेमरीच्या वाटणीचा तक्ता, निवडलं. बिल्ड अडलं: टेबल २ एमबी फ्लॅशमध्ये मावत नाही. माझ्या बोर्डावर फ्लॅश ४ एमबी, पण टूल मुळात २ धरून चालतं. म्हणून 'एसडीकेकॉन्फिग डॉट डिफॉल्ट्स' या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ४ एमबीची ओळ लिहिली. परत तीच एरर. फुलक्लीन ही साफसफाईची कमांड दिली, सगळं पहिल्यापासून कंपाइल करायला लावलं, मध्येच लाइट गेली, ती आल्यावर पुन्हा चालवलं. तरी २ एमबीच! ओळीतलं अक्षर न् अक्षर तपासलं, चूक नव्हती.

फुलक्लीन रिकामं करतं ते फक्त बिल्ड फोल्डर, जिथे तयार झालेल्या फाइली पडतात. 'एसडीकेकॉन्फिग' ही प्रत्यक्ष चालू सेटिंगची फाइल त्याच्या बाहेर, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच असते. डिफॉल्ट्सची फाइल उपयोगी पडते ती एसडीकेकॉन्फिग नव्याने बनताना. एसडीकेकॉन्फिगमध्ये एकदा २ एमबी लिहिलं गेलं, की माझ्याकडच्या ५ मालिकेतल्या आवृत्तीत तीच किंमत चालते. हे दस्तऐवजात आहे, पण फुलक्लीन या नावाने माणूस फसतोच. २ एमबी कुठल्या फाइलमधून आले एवढं एररनेच सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती सोपी, पण क्रम चुकवू नका. आधी सेव्ह-डेफकॉन्फिग ही कमांड द्या, म्हणजे मेन्यूकॉन्फिगमध्ये केलेले बदल डिफॉल्ट्समध्ये उतरतात. ही कमांड डिफॉल्ट्सची फाइल नव्याने लिहिते, त्यामुळे हाताने घातलेली ओळ त्यात पुसली जाते. माझी ४ एमबीची ओळ अशीच गेली होती. ती त्यानंतर घाला, मग एसडीकेकॉन्फिग पुसा आणि सेटिंग नव्याने बनवणारी रीकॉन्फिगर कमांड चालवा. बोर्ड ईएसपी३२-सी३ या वेगळ्या चिपचा असेल तर टार्गेटची (कोणत्या चिपसाठी बनवायचं त्याची) ओळही डिफॉल्ट्समध्ये आहे ना, ते बघा. नाहीतर बिल्ड फोल्डरही पुसलं असेल तर नवी फाइल साध्या ईएसपी३२ साठी बनते. चिप निवडणारी सेट-टार्गेट कमांड दिली तरी सेटिंग नव्याने बनतात, आणि जुनी फाइल 'डॉट ओल्ड' नावाने उरते. त्या जुन्या फाइलने मला एकदा वाचवलंय.

आता गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) फक्त डिफॉल्ट्स ठेवतो, एसडीकेकॉन्फिग नाही. नवं टेबल त्या दिवशी केबलने एकदा फ्लॅश केलं. त्यानंतर मेअखेरीस शेवटची आढी काढेपर्यंत एकाही अपडेटसाठी गवतात हात घालावा लागला नाही.