लॅपटॉपचा फॅन आवाज करतोय: साफ करायचा की नवीन टाकायचा?

ठाण्यात घोडबंदर रोडला खिडकी उघडी ठेवून काम करणाऱ्यांना धुळीचं वेगळं सांगायला नको, ती सगळी फॅनपुढच्या हीटसिंकच्या (आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जाळीत गादीतल्या कापसासारखी दाबून बसते, मग गरम हवा बाहेर पडत नाही आणि फॅन फुल स्पीडला पळत राहतो. आवाज नुसता हवेचा, सूं सूं असा असेल तर साफ करा, बास. मागचं कव्हर उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पाती बोटाने धरून ब्रश मारा, ब्लोअरने फॅन गरागरा फिरवू नका, बेअरिंग (ज्यावर फॅन फिरतो तो भाग) खराब होऊ शकतं.

पण खरखर असेल, किंवा फॅन हाताने हलवल्यावर डुगडुगत असेल तर बेअरिंगच गेलंय. तेलाचा थेंब टाकला की थोडे दिवस गप्प बसतो, परत सुरू. अशा वेळी नवीनच टाका, उगाच जीव काढू नका त्याचा. फक्त लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका, जुन्या फॅनच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा (बहुतेक ५ व्होल्ट, काही १२), दोन फॅन असतील तर डावा-उजवा वेगळा असतो. आणि हीटसिंक काढावा लागला तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता नेणारा लेप) नवीनच, दुकानदाराला आधीच बजावून ठेवा.