‘रीजनली ॲक्रेडिटेड’ विद्यापीठाने केलेली फसवणूक

माझ्या धाकट्या बहिणीने अमेरिकेतील न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर) असताना ज्या ऑनलाइन विद्यापीठात एमबीएला प्रवेश घेतला, तेथील प्रवेश अधिकारी तिला फोनवर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट ऐकवत असे : ‘आम्ही रीजनली ॲक्रेडिटेड आहोत’, म्हणजे प्रादेशिक आयोगाने आमच्या दर्जाला मान्यता दिली आहे. तिने पुरावा मागितला तेव्हा त्याने मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळाची लिंक पाठवली. तेथे यादीत विद्यापीठाचे नाव होते, सोनेरी मोहोर उमटवलेले प्रमाणपत्र होते आणि दिलेल्या क्रमांकावर ‘होय, हे विद्यापीठ आमच्याकडून मान्यताप्राप्त आहे’ असे सांगणारी एक अदबशीर बाईही होती. निम्मा अभ्यासक्रम झाल्यावर बहिणीने एका सरकारी विद्यापीठात बदली मागितली, तेव्हा तेथील रजिस्ट्रार कार्यालयाने कळवले की, मान्यता देणारी ती संस्था स्वतःच मान्यताप्राप्त नसल्यामुळे एकही क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचा श्रेयांक, ग्राह्य धरता येणार नाही.

ही फसवणूक शक्य होते ती अमेरिकेतील व्यवस्थेच्या रचनेमुळे. आपल्याकडे यूजीसी आणि नॅक आहेत. तेथे केंद्र सरकार कॉलेजांना स्वतः ॲक्रेडिटेशन देत नाही. १८८५ मध्ये न्यू इंग्लंडमधील शाळा-कॉलेजांनी आपली संघटना स्थापन केली आणि पुढे इतर प्रदेशांतही तशाच संघटना उभ्या राहिल्या. त्यांतूनच आजचे मिडल स्टेट्स कमिशन, हायर लर्निंग कमिशन यांसारखे आयोग आले. कॉलेज आधी स्वतःचा सविस्तर आत्मपरीक्षण अहवाल लिहिते, मग इतर कॉलेजांतील प्राध्यापक व अधिकाऱ्यांचे पथक भेट देऊन तपासणी करते, त्यानंतर आयोग निर्णय देतो आणि काही वर्षांनी हे सारे पुन्हा करावे लागते. सरकारचा शिक्षण विभाग मान्यता देतो ती कॉलेजाला नव्हे, तर अशा आयोगांना. आयोग खासगीच असतात. त्यामुळे भारदस्त नावाचे नवे ‘कमिशन’ काढून संकेतस्थळ थाटणे भामट्यांना अवघड जात नाही. कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचा पदव्यांचा बाजार २०१५ मध्ये उघडकीस आला, तेव्हा बनावट विद्यापीठांबरोबर त्यांना मान्यता देणाऱ्या बनावट संस्थाही तिनेच उभ्या केल्याचे दिसले.

त्यात भर म्हणजे, २०२० पासून शिक्षण विभागाने मान्यता देणाऱ्या संस्थांमधील ‘रीजनल’ (प्रादेशिक) आणि ‘नॅशनल’ (देशव्यापी) हा भेद आपल्या नियमांतून काढून टाकला आहे. खरे प्रादेशिक आयोग आता आपल्या प्रदेशाबाहेरील कॉलेजांनाही मान्यता देऊ शकतात. पदव्या विकणारे मात्र ‘रीजनल’ या बिरुदाचाच आधार घेतात, कारण क्रेडिट स्वीकारताना आणि नोकरी देताना अनेक ठिकाणी अजूनही त्याचेच वजन आहे.

बहिणीला ‘आमच्याकडे राज्याचा परवाना आहे’ असेही सांगण्यात आले होते. परवाना म्हणजे ॲक्रेडिटेशन नव्हे, आणि आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) देण्याची परवानगी म्हणजेही ॲक्रेडिटेशन नव्हे. कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी आय-२० देत होती. जानेवारी २०११ मध्ये तिच्यावर छापा पडला तेव्हा शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले आणि काहींच्या पायांत पाळत ठेवणारी रेडिओ यंत्रे बसवण्यात आली. एच-१बी व्हिसाच्या, अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी राखीव असलेल्या २०,००० जागांसाठी तर पदवी ॲक्रेडिटेड आणि सरकारी किंवा ना-नफा संस्थेचीच असावी लागते. हे आम्हाला एका वकिलाकडून, तेही फी भरून, कळले.

म्हणून विद्यापीठाने पाठवलेल्या लिंकवर अजिबात जाऊ नये. शिक्षण विभागाच्या ‘डॅपिप’ या यादीत किंवा ‘चिया’ या उच्च शिक्षण मान्यता परिषदेच्या यादीत विद्यापीठाचे नाव स्वतः शोधावे, त्याला कोणत्या आयोगाची मान्यता आहे ते पाहावे आणि पुढे जेथे शिकायचे आहे तेथील रजिस्ट्रारला ‘या संस्थेचे क्रेडिट घ्याल का?’ असे फी भरण्यापूर्वीच लेखी विचारावे. मान्यता खरी असली तरी क्रेडिट स्वीकारायचे की नाही, हे ते विद्यापीठच ठरवते.

क्रेडिट कार्डाने भरलेला शेवटचा हप्ता बँकेकडे तक्रार केल्यावर परत मिळाला. त्याआधी थेट खात्यातून गेलेली रक्कम मिळालेली नाही. न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रारी नोंदवल्या आहेत, मात्र कमिशन वैयक्तिक प्रकरणे सोडवून देत नाही, त्यामुळे आता भिस्त राज्याकडील तक्रारीवरच आहे.