उजनीच्या गाळात ४००० साइजची रील : सगळं चांगलं, एक रोलर सोडून

दिवाळीच्या सेलमध्ये ३४०० रुपयांना घेतलेली मासेमारीची रील मार्चमध्ये बंद पडली आणि आता पुन्हा चालू झाली, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीच्या बहुतेक स्पिनिंग रील्सची बांधणी सारखीच असते, त्यामुळे ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची आहे त्यांनाही हे उपयोगी पडेल. ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाइन ताणाखाली सुटू देणारा ब्रेक) किती किलोचा, गिअरचं प्रमाण काय, हे खोक्यावर असतं, म्हणून इथे देत नाही.

वापर सगळा उजनीच्या बॅकवॉटरवर, भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात, मच्छीमार संस्थेची परवानगी काढून. सकाळी कणीक आणि पेंडीच्या गोळ्यावर रोहू-कटला, ऊन चढायच्या आत उथळ पाण्यातल्या गवताच्या कडेला फ्रॉगवर (बेडकाच्या आकाराच्या नकली आमिषावर) मरळ.

ड्रॅगबद्दल तक्रार नाही. कटल्याचं तोंड मऊ असतं, लाइन अडखळत सुटली की गळ ओठ फाडून निघून येतो. या रीलवर लाइन एकसारखी सुटते. मरळीचं काम उलटं. ती श्वास घ्यायला वर आली की फ्रॉग तिच्या पुढे टाकायचा, तिने घेतला की एक-दोन क्षण थांबून जोरात खेच द्यायची आणि ड्रॅग आवळून तिला गवतातून ओढून काढायची. गिअरने तोही ताण सहन केला, कुठे कटकट आवाज नाही. (पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका दिसला तर तिथे मी फ्रॉग टाकत नाही. आई-बाप खाली राखणीला असतात, ते गेले की पिलं संपली.)

आता रोलर. बेल आर्मच्या (लाइन आत वळवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाशी लाइन जिथून वळून स्पूलवर, म्हणजे गुंडाळीवर, जाते तिथली ती छोटी चकती. गुंडाळताना सगळा ताण तिच्यावर येतो. ती फिरली तर लाइन तिच्यावरून सरकते, अडकली तर लाइन घासते आणि पीळ घेते.

उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की पाणी कुठच्या कुठे मागे हटतं आणि पाण्यापर्यंत पोचायला मऊ काळ्या गाळातून चालावं लागतं. पाणी फार उतरलं तर पळसदेवचं जुनं देऊळही उघडं पडतं. लाइन त्या गढूळ पाण्यातून येते, वारा सुटला की वाळलेल्या गाळाची भुकटी उडते, आणि दोन्ही जातं रोलरमध्ये. आधी गुंडाळताना बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. मग मोनो (एकसंध नायलॉनची लाइन) स्पूलवरून वेटोळी घेऊन सुटायला लागली, आणि शेवटी ब्रेडची (विणलेल्या लाइनची) गाठ इतकी बसली की लाइन कापावी लागली.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवली. उत्तर आलं : रोलर सुटा मिळत नाही, बेल आर्मचा पूर्ण सेट घ्या, १४५० रुपये, कुरिअर वेगळं. वॉरंटी? "गाळ गेलाय, बसत नाही." गोड्या पाण्यासाठी म्हणून विकलेली रील आणि गाळ गेला हे कारण! गाळ नसलेलं धरण महाराष्ट्रात कुठे आहे ते त्यांनी सांगावं. रीलच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांवर पैसे एका चकतीसाठी मागणं मला पटलं नाही. रील तशीच परत मागवली आणि ओळखीतल्या सगळ्यांना सांगितलं, ही घेऊ नका.

ते मत आता बदललंय.

मला वाटलं होतं ब्रेडने रोलरवर खाच पाडली असणार. एक स्क्रू काढून तो सोडवला तर चकती गुळगुळीत, कोटिंगही शाबूत. आतलं बेअरिंग मात्र राखाडी लगद्याने जाम झालेलं. कॅलिपरने मोजलं : बाहेरून ७ मिमी, आतून ४, जाडी २.५. याच मापाचं एमआर७४ बेअरिंग रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये वापरतात. पुण्यात त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ६० रुपयांना मिळालं. मी दोन घेतली. मूळ बेअरिंगला पत्र्याची झाकणं होती (झेडझेड), मी रबरी सीलवालं (टूआरएस) घेतलं. ते किंचित जड फिरतं, पण गाळ सहजी आत शिरत नाही. आपल्याकडच्या उन्हात पातळ तेल टिकत नाही असं माझं मत, म्हणून हलक्या ग्रीसचा अगदी पुसट हात दिला.

फिरतंय की नाही हे बघायला चकतीवर मार्करने एक ठिपका द्या, लाइन हाताने ताणून ओढा. ठिपका गोल फिरला पाहिजे. एका जागी थांबला तर त्या दिवशी ब्रेड वापरू नका.

यानंतर पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातही रील गपगुमान चालली. पीळ नाही, चिरचिर नाही. म्हणजे गिअर, ड्रॅग, बॉडी सगळं किमतीच्या मानाने चांगलं आणि खोट एका साठ रुपयांच्या वस्तूत. कंपनीचा राग मात्र गेलेला नाही. हे बेअरिंग पाकिटात घालून शंभराला विकलं असतं तरी मी आनंदाने घेतलं असतं.

पुन्हा घेईन का? घेईन, सेलमध्येच, आणि पहिल्याच आठवड्यात बेअरिंग बदलून. हँडलची गोटी थोडी सैल झालीय, त्याने काही अडत नाही. घरी आल्यावर ड्रॅग सैल सोडायचा आणि रील उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, एवढं पाळतो. दुसरं बेअरिंग अजून पाकिटातच आहे.