छोट्या गाडीच्या टाकीचा गंज: लिंबूसत्व की चार्जर?

लूना असो, एम-८० असो की ‘बॉबी’ म्हणून ओळखली जाणारी राजदूत जीटीएस, पडवीत वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी घरच्या घरी पुन्हा चालू करायची तर इंजिनाआधी टाकी घ्यावी. आत गंज ठेवून कार्बोरेटर कितीही साफ करा, जेट (त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक) पुन्हा चोक होणारच. घरी जमणारे दोन उपाय आहेत: बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस, नाहीतर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व.

चार्जरवाल्यांचं म्हणणं खरं आहे, या पद्धतीत चांगला पत्रा खाल्ला जात नाही. टाकीत पाणी, त्यात लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, टाकीला निगेटिव्ह, आत लोंबकळणाऱ्या सळईला पॉझिटिव्ह. उलटं जोडलं तर टाकीच झिजते. सळई साधी लोखंडी घ्या, जालन्याची बांधकामातली उरलेली चालते. स्टेनलेस नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून ते विषारी होतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर, आणि क्लिपा काढण्याआधी चार्जर बंद. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालू होत नाहीत, जुना ट्रान्सफॉर्मरवाला लागतो. लोडशेडिंगमध्ये काम थांबतं, ते एक वेळ चालेल.

खरा वैताग वेगळाच. सळईच्या समोर टाकीचा जेवढा भाग येतो, तेवढाच नीट साफ होतो. लहान टाकीचं तोंड अरुंद, त्यात फ्रेमसाठी तळाला खोलगा असला की पलीकडचा कप्पा आडोशाला जातो. तिथे पोचायला सळई वाकवावी, तर ती पत्र्याला टेकून शॉर्ट होते. सायकलच्या ट्यूबच्या रिंगा चढवून भागतं, पण दर दोन-तीन तासांनी सळई काढा, चिखल खरवडा, पुन्हा कोन जुळवा. एवढं करून गंज उरतो तो नेमका कॉकजवळ, म्हणजे पेट्रोल बाहेर पडायच्या तोटीजवळ.

लिंबूसत्वाचं पाणी मात्र सगळ्या कोपऱ्यांत आपोआप जातं. चार लिटरच्या टाकीला ३०० ग्रॅम पुरे. बोअरचं जड पाणी नको, त्यातला चुना ॲसिड वाया घालवतो, जारचं घ्या. आधी मूठभर नट टाकून टाकी हलवा, खपल्या पाडा. नट मोजून टाका, मोजून काढा. कॉकचं भोक रबरी बुचाने बंद, झाकण सैल. रात्रभर ठेवलं की बहुतेक टाक्या उघड्या पत्र्यावर येतात, मे महिन्यात त्याहून लवकर. पत्रा दिसल्यावर मात्र ओतून टाका, ॲसिड मग पत्राच खातं.

इथली खोड म्हणजे धुतल्यावर काही मिनिटांत येणारी केशरी झाक. त्यावर इलाज आहे: शेवटचं पाणी सोड्याचं वापरा, ब्लोअरने खडखडीत वाळवा आणि लगेच पाव लिटर पेट्रोलमध्ये थोडं टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालून आत घोळवा. इलाज असलेली खोड परवडते.

पत्रा बोटाने दाबला की लवत असेल, तर चार्जरच बरा. अशा टाकीत गंजानेच बुजलेली भोकं असतात, कुठल्याही पद्धतीने ती उघडी पडतील. पाणी भरून गळती बघा. पेट्रोलची वाफ राहिलेल्या टाकीवर वेल्डिंग कुणालाही करू देऊ नका.

कॉकची जाळी नवी टाका, पुढे पारदर्शक फिल्टर लावा. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून किंवा पूर्ण कोरडी. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला अर्धी टाकी म्हणजे ओल धरायला मोकळं रान.