भंगारातल्या चांदीचे म्हणून विकलेले दागिने

जुनी चांदी वितळवून हाताने घडवलेले दागिने, कारागिरांना रास्त मजुरी, अशी जाहिरात वाचून मी ऑनलाइन कानातल्यांचा जोड मागवला. नवीन खाणकाम न होता दागिना मिळावा आणि घडवणाऱ्याच्या हातात नीट पैसे पडावेत, हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले. हा लेख वाचून निदान तुम्ही तरी सावध व्हावं.

काही आठवड्यांत कानाच्या पाळ्या लाल होऊन खाजायला लागल्या. हूक जिथे वळतो तिथला मुलामा उडाला होता आणि खालून पिवळं डोकावत होतं. चांदी काळी पडते, त्यात संशयास्पद काही नाही. पण ती आतून पिवळी निघत नाही. ओळखीच्या सोनाराने मागच्या बाजूला कानस फिरवली तेव्हा सरळ पितळच दिसलं. अशी खाज बऱ्याचदा निकेल या धातूमुळे येते. ते तपासायचं किट मिळतं, त्यातल्या द्रावणात भिजवलेला कापूस हुकावर घासला तर गुलाबी झाला. म्हणजे पितळ, त्यावर निकेलचा थर आणि वर नावापुरती चांदी. मागे ‘९२५’ असा ठसा मात्र व्यवस्थित होता! या आकड्याचा अर्थ ९२.५ टक्के चांदी. पण नुसता आकडा कोणीही ठोकू शकतो.

‘हाताने घडवलेले’ हेही खोटंच. भिंगाखाली पाहिलं तर दोन्ही कानातल्यांच्या पानाच्या नक्षीवर एकाच जागी, एकाच आकाराचा खळगा. हातोडीचा घाव असा हुबेहूब दुसऱ्यांदा बसत नाही. हे साच्यातलं ओतकाम. ओतकामात वाईट काही नाही, पण मग तसं सांगा ना.

पुनर्वापराचा दावा तर याहून अवघड. वितळलेली चांदी जुन्या पैंजणातली की खाणीतली, हे कसोटी लावून कळत नाही. तिथे कागदच बोलतो. पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कारखान्यातला कीस त्याच प्रक्रियेत परत वापरला, तर तो पुनर्वापरात धरत नाहीत. कोणी रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल या दागिने उद्योगाला प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं नाव घेतलं, तर त्यांची सदस्ययादी उघडी आहे, पडताळून घ्या. लहान कारागिराकडे असं प्रमाणपत्र बहुधा नसतंच, आणि त्यासाठी त्याच्यावर संशय घेऊ नये. पण जुनी चांदी कुठून घेतो, मुशीत स्वतः वितळवतो की गाळणाऱ्याकडे देतो, हे तो विचारताक्षणी सांगतो. तुमच्याच दागिन्याचा अर्धवट घडलेला फोटोही पाठवतो.

मी हेच विचारलं, तर विक्रेत्याने काम करणाऱ्या बायकांचे फोटो पाठवले. तेच फोटो इमेज सर्चमध्ये टाकले, तर भलत्याच विक्रेत्यांच्या पानांवर सापडले. पैशांपेक्षा याचा संताप जास्त आला. त्या बायकांना कदाचित याची गंधवार्ताही नसेल; त्यांच्या चेहऱ्यांवर दुसराच कोणी गल्ला भरतोय.

‘ॲलर्जी कुणालाही होते’ एवढंच उत्तर देऊन विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. सोनाराकडून लेखी घेतलं आणि फोटो, पावती, मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली आहे. स्क्रीनशॉट आधीच काढलेला होता ते बरं झालं, कारण जाहिरातीत आता ‘चांदी’च्या जागी ‘चांदीच्या रंगाचे’ असं लिहिलं आहे.