ऊतीच्या आत मोजायचं कशानं: प्रोब, फायबर तापमापक की सिम्युलेशन?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या कॉलेजात रेडिओलहरींचा जिवंत ऊतीवरचा परिणाम अभ्यासायचा ठरला, की बहुतेक वेळा आधी हातात धरायचं मीटर मागवलं जातं. ते हवेतलं क्षेत्र दाखवतं. लहरीचा बराच भाग त्वचेवरूनच परततो आणि उरलेला आत विरत जातो, त्यामुळे त्या आकड्यावरून ऊतीबद्दल काही बोलू नये. मोजायचा तो एसएआर (स्पेसिफिक अॅबसॉर्प्शन रेट), म्हणजे दर किलो ऊतीत शोषली जाणारी शक्ती. मोबाइलसाठी आपल्याकडे 1 ग्रॅमच्या सरासरीवर 1.6 वॅट/किलो ही मर्यादा आहे.

विद्युतक्षेत्राचा प्रोब, म्हणजे आत बुडवून तिथलं क्षेत्र मोजणारी बारीक सळई, सर्वांत संवेदनशील. 900 मेगाहर्ट्झला स्नायूत 1.6 वॅट/किलो म्हणजे साधारण 43 व्होल्ट/मीटर. हे तो सहज पकडतो. पण त्याचं कॅलिब्रेशन ठरावीक द्रवात, ठरावीक वारंवारतेला झालेलं असतं. मांसात खुपसला तर टोकाभोवती हवेची फट राहते आणि आकडा चुकतो. म्हणजे प्रोब घेतला की ऊतीऐवजी तिची नक्कल करणारा द्रव आला. 900 मेगाहर्ट्झला डोक्याच्या ऊतीची नक्कल करणाऱ्या द्रवात साधारण 41 टक्के पाणी, 56 टक्के साखर आणि दीड टक्का मीठ, शिवाय थोडा घट्टपणा आणणारा सेल्युलोज आणि जंतुनाशक. लक्ष्य: परावैद्युतांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचा आकडा) 41.5, वाहकता 0.97 सीमेन्स/मीटर. किनाऱ्यावर हा द्रव फार जपावा लागतो. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, वजन फसवं येतं, वाहकता कमी भरते. मीठ ओव्हनमध्ये 110 अंशांना सुकवून लगेच तोला. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं, म्हणून डिस्टिल्डच वापरा. एसी लावून टाकी उघडी ठेवली तर उलट पाणी उडतं. झाकण ठेवा, आणि वापरण्याआधी दर वेळी परावैद्युतांक नि वाहकता मोजा.

ऊती खरोखर जिवंत असेल तर माझं मत फायबर ऑप्टिक तापमापकाकडे, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने तापमान वाचणाऱ्या उपकरणाकडे. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, धातू नसलेला, म्हणून क्षेत्र बिघडवत नाही. साधं थर्मोकपल नको, त्याची तार अँटेनासारखी वागून स्वतःच तापते. सूत्र सोपं: एसएआर म्हणजे विशिष्ट उष्मा गुणिले तापमानवाढीचा वेग. स्नायूचा विशिष्ट उष्मा सुमारे 3,500 जूल/किलो-अंश धरा, की 1.6 वॅट/किलोला मिनिटाला जेमतेम 0.03 अंश चढतो हे दिसेल. एवढं मोजमापातल्या गोंगाटात (आकड्यांच्या किरकोळ चढउतारांत) बुडतं. म्हणून पॉवर वाढवून 100 वॅट/किलोच्या आसपास न्यायची, 30 सेकंदांत 0.85 अंश मिळतो, आणि मग पॉवरच्या प्रमाणात आकडा खाली आणायचा. तापमानाच्या आलेखाचा उतार सुरुवातीच्या 10-20 सेकंदांचाच घ्या. नंतर रक्त उष्णता वाहून नेतं आणि एसएआर खोटाच कमी दिसतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आणलेल्या बर्फातल्या मासळीवर सराव करणार असाल तर तापमानाची रेषा आडवी होईपर्यंत थांबा, पंखाही बंद ठेवा. जिवंत माशावर काम असेल तर प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी.

या पद्धतीचा खरा शत्रू खारी हवा. केबलच्या कनेक्टरवर हिरवट थर चढला की परावर्तित पॉवर वाढते आणि ऊतीत किती गेली हे कळेनासं होतं. डायरेक्शनल कपलर (जाणारी आणि परतणारी लहर वेगळी दाखवणारा जोड) लावून पुढची आणि परतलेली, दोन्ही पॉवर दर वेळी नोंदवा. कनेक्टर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

सिम्युलेशन म्हणजे ऊतीतलं क्षेत्र कॉम्प्युटरवर गणिताने काढणं; त्याला कॉम्प्युटर लागतो, पैसे फारसे नाहीत. ओपनईएमएस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. 900 मेगाहर्ट्झला स्नायूत तरंगलांबी 45 मिलिमीटर, म्हणून गणितासाठी पाडलेल्या जाळीचं घर 4 मिलिमीटरपेक्षा मोठं नको, पातळ त्वचेसाठी 1 किंवा त्याहून कमी. रात्रभराचा रन असेल तर यूपीएस हवाच, पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. पण नुसत्या सिम्युलेशनवर निष्कर्ष काढू नका. ऊतीचे गुणधर्म टेबलातून घेतलेले असतात, तुमच्या नमुन्याचे नसतात.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर दोन चॅनेलचा फायबर तापमापक घ्या. आधी सिम्युलेशनमध्ये सर्वाधिक एसएआर कुठे येतो ते बघा, एक टोक तिथे रोवा, दुसरं दूरच्या भागात. दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर गणिताशी जुळलं तर मांडणीवर भरवसा ठेवा. प्रोबवर खर्च फक्त मोबाइल किंवा वॉकीटॉकीचं प्रमाणन करायचं असेल तरच.