सर्सीत अनंताचा नॅन होतो: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सर्सी (circe) ही स्काला भाषेतली जेसन (JSON) लायब्ररी. तिच्याबद्दल बाकी तक्रार नाही. केस क्लासवरून (स्कालातला डेटा ठेवायचा क्लास) कोडेक, म्हणजे जेसन लिहिणारा एन्कोडर आणि वाचणारा डीकोडर, तयार होतात, चूक कुठल्या फील्डमध्ये आहे तेही नेमकं कळतं. पण डबलचा (दशांश संख्यांचा प्रकार) डीफॉल्ट एन्कोडर नॅन (NaN, 'संख्या नाही' असं मूल्य) आणि दोन्ही इन्फिनिटी (धन आणि ऋण अनंत) गुपचूप नल करतो, आणि ते काही केल्या पचत नाही. जेसनचं प्रमाण असलेल्या आरएफसी ८२५९ मध्ये ही मूल्यं आकडा म्हणून चालत नाहीत, कबूल. पण डीकोडर तोच नल वाचून नॅन देतो! पाठवला अनंत, हाती आला नॅन.

याचा फटका असा बसतो: किमान मूल्य शोधताना सुरुवातीला धन अनंत ठेवतात. पहिलं रीडिंग येण्याआधीच ती स्थिती जेसनमध्ये सेव्ह झाली, तर परत वाचताना तिथे नॅन असतो. नॅनशी केलेली कुठलीही 'लहान आहे का' तुलना खोटीच, त्यामुळे किमान पुढे कधीच बदलत नाही. ऑप्शनमध्ये (मूल्य असेल किंवा नसेल असा प्रकार) तर 'सम' (मूल्य आहे) नॅन जातो आणि 'नन' (मूल्य नाही) परततो.

अशी मूल्यं स्ट्रिंग म्हणून लिहिणारं सर्सीचंच फ्रॉम-डबल-ऑर-स्ट्रिंग वापरलं की एन्कोडर एका ओळीत होतो. डीकोडर मात्र स्वतः लिहावा लागतो, कारण डीफॉल्ट डीकोडर "१.५" सारखी स्ट्रिंग घेतो, "नॅन" नाकारतो. तीन स्ट्रिंग ओळखायच्या आणि नल स्पष्टपणे फेटाळायचा. पॅटर्न मॅचमध्ये केस डबल-नॅन लिहू नका, ती केस कधीच लागत नाही, इज-नॅन वापरा. टेस्टमध्येही केस क्लासची साधी बरोबरी फसते, तिथे जावाचं डबल-कंपेअर लागतं.

इथवर समाधान होतं. मग खरी मेख कळली: जिथे कोडेक डिराइव्ह होतो त्या फाइलमध्ये आपला इम्प्लिसिट (कंपायलर स्वतः शोधून वापरतो तो एन्कोडर-डीकोडर) इम्पोर्ट करायचा राहिला, तर कंपायलर चकार शब्द न काढता डीफॉल्ट उचलतो. म्हणून आता स्काला ३ मध्ये डबलवर ओपेक टाइप (आत डबलच, पण कंपायलरच्या लेखी वेगळा प्रकार). त्याचा एन्कोडर सापडला नाही तर कंपाइलच होत नाही.

प्ले-जेसन ही स्कालाची दुसरी लायब्ररी नॅनवर नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन फेकते, ते आधी आडमुठं वाटायचं. आता तेच बरं वाटतं. यूपिकल ही तिसरी लायब्ररी तर मुळातच स्ट्रिंग लिहिते.

समोरून पायथन असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. त्याचं जेसन मॉड्यूल अवतरणाशिवाय उघडा नॅन लिहितं आणि सर्सीचा पार्सर अख्खा दस्तऐवज नाकारतो, डीकोडरपर्यंत गाडी पोचतच नाही. तिकडे अलाउ-नॅन हा पर्याय बंद करायला सांगा, म्हणजे एरर निदान पाठवणाऱ्याकडे येते.